छोटी रेट्रो मोटरसायकल: जुने रूप आणि त्यामागची देखभाल

निळी टाकी

गोल हेडलाइट, लोखंडी टाकी, स्पोकची चाके आणि क्रोमचा सायलेन्सर असलेली, साधारण १२५ ते ३५० सीसीमधली एक मोटरसायकल घ्यावी, असे माझ्या मनात बराच काळ घोळते आहे. गाडी रोजच्या वापरासाठी हवी आहे आणि ती पुष्कळ वर्षे ठेवायची आहे. मला पडलेला प्रश्न असा की, अशा गाड्यांचे रूप जुने असले तरी आतले यंत्र नवे असते, तर मग त्यांची देखभाल इतर कोणत्याही छोट्या मोटरसायकलीसारखीच असते का, की या रूपासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागतात? त्यातले घरी काय करता येते आणि मेकॅनिककडे काय सोपवावे? खरोखर जुनी गाडी घेऊन ती दुरुस्त करत राहणे अधिक समाधानाचे आहे, असे सांगणारेही भेटतात. त्याविषयीही अनुभवी मंडळींनी लिहावे.

जुना गिअर

प्रश्न नेमका आहे, म्हणून थोडे मागून सुरुवात करतो. आपण ज्यांना सरसकट ‘रेट्रो’ म्हणतो त्यांत दोन वेगळ्या जाती आहेत. पहिली जात कधी जुनी झालीच नाही अशा गाड्यांची. होंडाची सुपर कब १९५८ साली आली आणि तिचा मूळ साचा आजही ओळखता येतो. यामाहाची एसआर ४०० ही १९७८ साली जपानमध्ये आली आणि २०२१ साली तिची शेवटची आवृत्ती निघाली. मधल्या काळात हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर जाऊन विजेच्या नियंत्रणाखाली पेट्रोल फवारणारे फ्युएल इंजेक्शन आले, तरी सेल्फ स्टार्ट तिला अखेरपर्यंत दिला गेला नाही. पिस्टन किकसाठी योग्य जागी आला की नाही हे पाहायला तिच्या सिलिंडर हेडवर एक लहानशी खिडकी असते, आणि ती पाहून शांतपणे किक मारणाऱ्याला ही गाडी सहसा त्रास देत नाही. दुसरी जात जुन्या रूपाकडे ठरवून परतलेल्या गाड्यांची. १९६१ साली एका मनोरंजन उद्यानासाठी बनलेल्या छोट्या गाडीपासून होंडाच्या मंकीची परंपरा सुरू झाली. २०१८ साली ती १२५ सीसीचे इंजिन घेऊन आली तेव्हा तिचा तोंडवळा तोच राहिला आणि आतले सगळे बदलले.

दोन्ही जातींना एक गोष्ट समान लागू पडते. इंजिन कितीही नवे असो, रूपासाठी जे भाग जुन्या पद्धतीचे ठेवले जातात, म्हणजे क्रोम, स्पोक, लोखंडी मडगार्ड, लोखंडी टाकी, उघडे इंजिन आणि त्याला थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या, त्यांची निगाही जुन्याच पद्धतीने, हाताने आणि नियमित ठेवावी लागते. प्लॅस्टिकच्या आवरणाखाली झाकलेल्या गाडीत जे दिसत नाही आणि गंजतही नाही, ते इथे उन्हापावसात उघडे असते. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, होय, वेगळे कष्ट आहेत. पण ते अवघड नाहीत, आणि गाडी छोटी असल्यामुळे त्यांतले बहुतेक मालकाच्या आवाक्यातले आहेत.

सिंगल सिलिंडर

जुना गिअर यांच्याशी पूर्ण सहमत. त्यात एवढेच जोडतो की गाडी घेतल्यावर पहिली खरेदी शोभेच्या वस्तूंची न करता त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलची करावी.

धातुवेडा

क्रोमविषयी सविस्तर लिहितो, कारण रेट्रो गाडीचे सौंदर्य आणि तिचे पहिले दुखणे दोन्ही तिथेच असतात. आपल्याला जो चकचकीत थर दिसतो तो क्रोमियमचा असला तरी त्याची जाडी बहुधा एका मायक्रॉनपेक्षाही कमी असते. लोखंडाचे खरे संरक्षण त्याखालचा निकेलचा थर करतो. क्रोमच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतातच. निकेललाही कुठे सूक्ष्म छिद्र राहिले तर ओलावा थेट लोखंडापर्यंत पोचतो आणि गंज आतून वर येतो. म्हणून क्रोमवर गंजाचा टिपका दिसतो तेव्हा तो केवळ पृष्ठभागावरचा डाग नसतो.

यावरून निगेची पद्धत ठरते. चिखल आणि खारा ओलावा अंगावर राहू देऊ नये, गाडी धुतल्यावर ती पूर्ण कोरडी करावी आणि क्रोमवर मेणाचा पातळ हात द्यावा, म्हणजे भेगांत पाणी शिरत नाही. खरखरीत पॉलिश वारंवार वापरल्यास तो मुळात पातळ असलेला थर झिजतो, आणि एकदा निकेल उघडे पडले की पिवळसर छटा येते, ती घासून जात नाही. सुरुवातीचे टिपके अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासल्यास निघतात, कारण अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. त्यानंतर लगेच मेण लावणे मात्र आवश्यक आहे. ते लावले नाही तर त्याच छिद्रांतून गंज पुन्हा वर येतो.

सायलेन्सरचा पाइप इंजिनाजवळ निळसर होतो, त्याबद्दल अनेक जण घाबरून विचारतात. एकपदरी पाइप असेल तर थोडी निळाई स्वाभाविक आहे. तापलेल्या धातूवर तयार होणाऱ्या ऑक्साइडच्या पातळ थराचा तो रंग असतो. मात्र पूर्वी स्वच्छ असलेला पाइप थोड्याच काळात झपाट्याने निळा पडत गेला, तर पेट्रोलचे मिश्रण पातळ झाले आहे का, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे का, किंवा पाइपच्या तोंडाशी गॅस्केटमधून हवा ओढली जाते आहे का, हे तपासावे.

हळूहळू

मला हे थोडे अतिशयोक्त वाटते. माझ्याकडे रेट्रो धाटणीची गाडी आहे, तिला मी मेण लावत नाही, वेळेवर सर्व्हिसिंग करून घेतो आणि ती उत्तम चालते. नव्या माणसाने हे सगळे वाचले तर तो गाडी घेण्याआधीच माघार घेईल.

धातुवेडा

गाडी चालण्यासाठी मेणाची गरज नाही, हे तुमचे म्हणणे बरोबरच आहे. परंतु निळी टाकी यांना गाडी पुष्कळ वर्षे ठेवायची आहे आणि रूप हेच तिच्या निवडीचे कारण आहे. ज्या कारणासाठी गाडी घेतली तेच काही पावसाळ्यांत नाहीसे होऊ द्यायचे नसेल, तर हा वेळ द्यावा लागतो.

तेलकट हात

इंजिनाकडे वळू या. छोट्या एअर कूल्ड इंजिनात तेलाचे प्रमाण फार कमी असते. १२५ ते १७५ सीसीच्या गाडीत ते साधारण एक लिटरच भरते. तेवढ्या तेलाला वंगण द्यायचे असते, उष्णता वाहून न्यायची असते आणि बहुतेक गाड्यांत त्याच तेलात गिअरबॉक्स आणि क्लचही बुडालेले असतात. त्यामुळे तेल लवकर थकते आणि त्यातले थोडे जळाले तरी टक्केवारीने ते मोठे असते. पातळी वरचेवर पाहणे ही या गाड्यांची सर्वांत महत्त्वाची सेवा आहे, असे मी मानतो. गाडी सरळ उभी करून, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे काचेतून किंवा काडीने पातळी पाहावी. साइड स्टँडवर पाहिलेली पातळी चुकीची येते.

तेल निवडताना डब्यावर जासो या जपानी मानकाचा एमए किंवा एमए२ हा दर्जा आहे का ते पाहावे. मोटारींच्या कित्येक तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, आणि तेलात बुडालेला क्लच अशा तेलाने घसरू लागतो. मंकीच्या सुरुवातीच्या १२५ सीसी इंजिनासारख्या काही इंजिनांत कागदी फिल्टर नसतोच. जाळी आणि गोल फिरून कचरा कडेला टाकणारी केंद्रोत्सारी गाळणी असते. तेल बदलणारा मेकॅनिक ती जाळी काढून धुतो का, हे स्वतः विचारून घ्यावे.

दुसरा विषय टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यामधल्या बारीक फटीचा. ‘आवाज येत नाही, म्हणजे टॅपेट ठीक आहेत’ हा समज मला फार घातक वाटतो. वापराने व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत हळूहळू आत रुततो, त्यामुळे पुष्कळ इंजिनांत फट वाढण्याऐवजी कमी होते आणि इंजिन उलट अधिक शांत वाटू लागते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता बैठकीला टेकलेला असतानाच तिच्यात सोडत असतो. तो टेकलाच नाही तर त्याची कड जळते. कॉम्प्रेशन जाऊन गाडी सुरू होणे अवघड होईपर्यंत हे लक्षात येत नाही. फट मोजायची ती इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत सर्वांत वर असताना आणि फीलर गेजनेच, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापकाने. आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि एक्झॉस्टची फट सहसा थोडी जास्त ठेवलेली असते, म्हणून दुसऱ्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

वळणवाट

टॅपेटचे काम मी स्वतः करते आणि नवशिक्यांना आवर्जून सांगते की छोट्या सिंगल सिलिंडर गाडीत हे शिकण्याजोगे काम आहे. दोन व्हॉल्व्ह असतात, झाकण सहज निघते आणि बऱ्याच इंजिनांत स्क्रू व लॉकनट एवढेच असते. कसोटी लागते ती लॉकनट आवळताना, कारण त्याबरोबर स्क्रूही किंचित फिरतो आणि फट बदलते. म्हणून नट आवळल्यानंतर फट पुन्हा मोजल्याशिवाय झाकण लावू नये. रॉयल एनफिल्डच्या २००९च्या सुमाराच्या क्लासिकसारख्या काही गाड्यांत हायड्रॉलिक टॅपेट होते, तिथे ही जुळवणी करावी लागत नाही. आपल्या गाडीत काय आहे ते आधी पाहावे.

हळूहळू यांच्या मुद्द्यात तथ्य आहे, असे मला वाटते. ही कामे रोजची नाहीत. रोज करायचे ते म्हणजे निघण्यापूर्वी टायर, चेन, ब्रेक आणि दिव्यांवरून एक नजर फिरवणे, आणि त्याला फारसा वेळ लागत नाही.

आरेवाला

चाकांविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. स्पोकचे चाक म्हणजे ताणाचा समतोल असतो. एक स्पोक सैल पडला की त्याचा भार शेजारच्यांवर जातो आणि काही काळाने ते तुटू लागतात. नव्या गाडीत सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये स्पोक आपल्या जागी बसतात आणि थोडे सैल होतात, त्यामुळे पहिल्या सर्व्हिसिंगला ते तपासलेच पाहिजेत. चाक उचलून फिरवावे आणि छोट्या पान्याने प्रत्येक स्पोकवर हलकेच टिचकी मारावी. ताणलेला स्पोक तंबोऱ्याच्या जुळलेल्या तारेसारखा स्वच्छ वाजतो आणि सैल स्पोक बद्द आवाज देतो. एखाददुसरा सैल असेल तर थोडा थोडा आवळता येतो, मात्र चाकाचा आउट काढण्याचे काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे. अनेक मॅन्युअलमध्ये रिमच्या डगमगीची मर्यादा २ मिमी दिलेली असते.

बहुतेक स्पोकच्या चाकांत ट्यूब असते, कारण स्पोक रिममधून आरपार जातात आणि त्या भोकांतून हवा टिकत नाही. ट्यूब फुटली की हवा एकदम जाऊ शकते, हे चालवणाऱ्याने सतत लक्षात ठेवावे. हवा कमी ठेवून चालवल्यास टायर रिमवर सरकतो, ट्यूबलाही ओढतो आणि व्हॉल्व्हची नळी मुळाशी फाटते. व्हॉल्व्ह रिममधून तिरका बाहेर आलेला दिसला, तर ही ओढ सुरू झाली आहे असे समजून चाक खोलावे.

सिंगल सिलिंडर

म्हणूनच मी अलॉय चाकांच्या बाजूचा आहे. रूप थोडे कमी जुने दिसेल, पण ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतला तरी हवा सहसा हळू उतरते आणि माणूस सुरक्षित थांबतो. रोजच्या वापराच्या गाडीत मी रूपापेक्षा याला अधिक महत्त्व देईन.

आरेवाला

सुरक्षिततेचा मुद्दा मान्य. खड्ड्यांच्या रस्त्यावर मात्र स्पोकचे चाक धक्का सोसताना थोडे लवते आणि वाकले तरी बहुधा सरळ करता येते. अलॉयला तडा गेला तर चाकच बदलावे लागते. ज्याला पंक्चरची चिंता अधिक त्याने अलॉय घ्यावे, ज्याचे रस्ते खराब त्याने स्पोक घ्यावेत.

निळी टाकी

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. आखूड सायलेन्सर आणि उघडा शंकूसारखा एअर फिल्टर लावला की गाडी जुन्या शर्यतीच्या गाडीसारखी दिसते. ते करावे का? आणि कार्ब्युरेटरची जुनी गाडी घ्यायची झाल्यास तिची पारख कशी करावी?

तेलकट हात

पहिल्या प्रश्नाला माझे स्पष्ट उत्तर ‘करू नये’ असे आहे. मूळ एअर फिल्टर ज्यात बसतो ती एअर बॉक्स ही नुसती धूळ अडवणारी पेटी नसते. इंजिनाला शांत आणि एकसारखी हवा मिळावी म्हणून तिचा आकार ठरवलेला असतो, आणि निर्वाताच्या दाबावर स्लाइड उचलणारे कार्ब्युरेटर तर या शांत हवेवरच अवलंबून असतात. उघडा फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावून कार्ब्युरेटरमधले जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रांचे भाग, बदलले नाहीत, तर मिश्रण पातळ होते, इंजिन अधिक तापते आणि वर सांगितलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरच त्याचा घाव बसतो. फ्युएल इंजेक्शन हे सगळे आपोआप सांभाळून घेते असे मानणेही बरोबर नाही. ऑक्सिजन सेन्सर असला तरी त्याला दुरुस्ती करण्याची मर्यादा असते, आणि पूर्ण थ्रॉटलला बहुतेक प्रणाली त्याच्याकडे पाहतच नाहीत. शेजारपाजाऱ्यांना होणारा त्रास हे तर आणखी वेगळे आणि पुरेसे कारण आहे.

रूपच बदलायचे असेल तर आरसे, सीट, हँडलच्या मुठी हे बदल निर्धोक आहेत. छोटे एलईडी इंडिकेटर लावल्यास ते भरभर लुकलुकू लागतात, कारण ते वीज कमी घेतात आणि जुन्या फ्लॅशरला बल्ब गेल्यासारखे वाटते; त्यासाठी एलईडीला चालणारा फ्लॅशर बसवावा, वायर कापून जोडाजोड करत बसू नये.

जुना गिअर

जुन्या गाडीची पारख मी अशी करतो. गाडी पाहायला जाण्यापूर्वी मालकाला ती सुरू न करण्याची विनंती करावी, आणि गेल्यावर इंजिनाला हात लावून ते थंडच आहे ना हे पाहावे. तापलेले इंजिन कोणतेही असले तरी सहज सुरू होते. थंड इंजिन खरे सांगते. सुरू होताच क्षणभर निळा धूर आला आणि नंतर थांबला तर व्हॉल्व्हची सील गेलेली असण्याची शक्यता अधिक, आणि चारस्ट्रोक गाडीने जोर देताना सतत निळा धूर सोडला तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजलेला असतो. पहिला दोष तुलनेने छोटा आहे, दुसऱ्यासाठी इंजिन खोलावे लागते.

त्यानंतर टाकीचे झाकण उघडून विजेरीने आत पाहावे. बाहेरचा रंग ताजा असतो आणि आत गंजाची भुकटी असते, असे फार वेळा दिसते. ही भुकटी पुढे कार्ब्युरेटरचा पायलट जेट बंद करते आणि गाडी आयडलिंगवर टिकत नाही. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे. मध्यावर खाच लागल्यासारखे अडले तर हँडलचे बेअरिंग गेले आहेत. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर बोट फिरवावे, कारण तिथल्या गंजाच्या खळग्या नवी सीलसुद्धा फाडतात. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चाकांचे, दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलावे लागतील, असे धरून चालावे. टायरच्या बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे पाहावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक झालेले असते. आणि या सगळ्याआधी चासी क्रमांक व इंजिन क्रमांक कागदांशी जुळवावेत. ते जुळले नाहीत तर बाकी काहीच पाहण्याची गरज उरत नाही.

वळणवाट

खरोखर जुनी गाडी घ्यावी का, या प्रश्नावर माझे मत थोडे वेगळे आहे. जुनी गाडी सांभाळण्यात विलक्षण समाधान आहे, हे मी स्वतः अनुभवते. परंतु रोज ठरलेल्या वेळी पोचायचे असेल तर ती एकमेव गाडी असू नये. एखादा रबरी भाग किंवा गॅस्केट मिळेपर्यंत गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहते, आणि घाईत केलेल्या दुरुस्तीने तिचे अधिक नुकसान होते. निळी टाकी यांचा वापर पाहता त्यांनी सुटे भाग सहज मिळतील अशी नवी गाडी घ्यावी आणि हात तिच्यावर बसवावा, असे मला वाटते.

चेनबद्दल राहिलेले सांगते. कड्यांमध्ये वंगण धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगा, म्हणजे ओ रिंग, असलेली चेन पेट्रोलने किंवा तारेच्या ब्रशने कधीही स्वच्छ करू नये, कारण रिंगा खराब झाल्या की आतले वंगण निघून जाते. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. ताण खालच्या बाजूच्या मध्यावर मोजावा आणि चाक फिरवून अनेक जागी मोजावा, कारण चेन सर्वत्र सारखी झिजत नाही. जिथे ती सर्वांत घट्ट असेल तिथे ढिलाई पुस्तिकेतल्या मर्यादेत हवी. फार घट्ट चेन सैल चेनपेक्षा अधिक नुकसान करते, ती गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर सतत ओढ ठेवते.

हळूहळू

मी आधी विरोध केला असला तरी एक उपयोगी गोष्ट जोडतो. या गाड्यांना सिंगल सिलिंडरचा कंप असतो, कंप कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट असला तरी थोडा राहतोच, आणि त्याने मडगार्ड, सायलेन्सर व नंबर प्लेटचे बोल्ट सैल होतात. सायलेन्सरचा एक बोल्ट सैल राहिला की सगळा भार दुसऱ्या टेकूवर जातो आणि पत्रा तिथेच तडकतो. बोल्ट आवळताना जोर मात्र बेताने लावावा. इंजिनाचे आवरण अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि तेलाच्या बोल्टचे आटे एकदा गेले की साधे काम मोठे होते. ठरलेल्या जोरानेच आवळू देणारा टॉर्क रेंच घेतला तर उत्तम.

निळी टाकी

माझा कल आता नव्या गाडीकडे झाला आहे. शेवटची शंका अशी की, मधूनमधून महिना-दोन महिने मी परगावी असतो. त्या काळात घरच्यांनी गाडी अधूनमधून थोडा वेळ जागेवरच सुरू करून ठेवावी का?

तेलकट हात

तसे करू नये. थोडा वेळ चालवून बंद केलेल्या इंजिनात ज्वलनातून निघालेले पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये साचते. ते उडून जाण्याइतके इंजिन तापतच नाही, आणि सायलेन्सर आतून गंजतो. शिवाय आयडलिंगवर बॅटरी फारशी भरत नाही. जाण्यापूर्वी जुने तेल बदलावे, टाकी गळ्यापर्यंत भरावी म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही, कार्ब्युरेटर असेल तर कॉक बंद करून फ्लोटची वाटी रिकामी करावी, कारण इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा शोषते आणि साचून राहिल्यास जेट खराब करते. बॅटरीची ऋण तार सोडून ठेवावी. परतल्यावर विश्रांत बॅटरीचा व्होल्टेज मोजावा, १२.६च्या वर असेल तर ठीक, १२.४च्या खाली असेल तर सेल्फ मारण्याआधी ती योग्य चार्जरने भरून घ्यावी. टायरची हवा कमी झालेली असतेच, ती भरूनच गाडी रस्त्यावर काढावी, आणि पहिली फेरी इंजिन पूर्ण तापेल एवढी लांब घ्यावी.